चूल बैठकीच्या खोलीत

मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरून. वडील वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि युनियनची, विहाराची, मोर्च्यांची उरलेली सगळी पत्रकं घरी आणायचे. एक बाजू कोरी असलेला कागद टाकायचा नाही, हा त्यांचा नियम. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहायचो आणि कंटाळा आला की उलटून छापील बाजू वाचायचो. त्यामुळे फार लवकर माझी अशी समजूत झाली की कुठल्याही वाक्याच्या शेवटी 'झालेच पाहिजे' यायलाच हवं. भाकरी करपली तरी मी निषेध नोंदवायचो. आई म्हणायची, "नोंदव, आन् खा."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा वडिलांनी कोल्हापूरच्या कडेला, उसाच्या रानांचे जिथं प्लॉट पडत होते तिथं, एक लहान तुकडा घेतला. तोवर आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. नवं घर दोन खोल्यांचं होणार होतं. पुढं बैठकीची, मागं स्वयंपाकाची, आणि मागच्या दाराबाहेर न्हाणी. आईचं मागणं एकच होतं. "मधी भिंत आन् तिला दार. बाकी कसंबी बांदा."

नेमकं त्याच सुमाराला मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक छापून आलं. विषय स्त्रीची गुलामी. पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामधली भिंत पुरुषांनी उभी केली आहे आणि ती पाडल्याशिवाय समाज बदलणार नाही, असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. आमच्या घरातली भिंत अजून उभीच राहिली नव्हती, तेव्हा ती पाडायचा खर्चही वाचणार होता. क्रांतीला इतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नव्हती.

"भिंत नको," मी वडिलांना म्हणालो. "आई भिंतीआड राबणार आणि आपण पुढं बसून समतेवर बोलणार?"

ज्या पत्रकांवर वडिलांनी मला वाढवलं ती सगळी आता त्यांच्या अंगावर आली होती. ते एवढंच म्हणाले, "आरं, पर फोडणीचा धूर?"

"सगळ्यांच्याच डोळ्यांत जाऊ दे."

चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखणी करणारा मिस्त्री कंबरेवर हात ठेवून ऐकत होता. त्यानं मला नीट न्याहाळलं. "पावणं, भिंत न्हाय तर मग मधी काय घालायचं?"

"मोकळेपणा."

"त्याला इटा किती लागतील?"

त्याचे मजूर हसले. श्रमिक वर्गाला अजून जागं करावं लागेल, अशी मी मनात नोंद केली.

आईला समजावण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं. ती तांदूळ निवडत होती. मी पत्रक पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं, अवघड शब्द फोड करून सांगितले. सगळं ऐकून ती "बरं" म्हणाली आणि सुपातला खडा काढून टाकला. तो मी होकार धरला. घरातल्या निर्णयांत स्त्रीचा वाटा असलाच पाहिजे, असा एक आख्खा परिच्छेद त्या पत्रकात होता. माझ्या मते तो एकदम जोरकस उतरला होता.

घर झालं. एकच लांब खोली. या टोकाला रस्त्याकडचं दार, त्या टोकाला ओटा आणि शेगडी. मी मित्रांना बोलावून घर दाखवलं, म्हणजे भिंत नसलेली जागा दाखवली. मग आमच्या बैठका तिथंच होऊ लागल्या. एक मित्र आजऱ्याहून यायचा, एक बिद्रीकडचा, बाकीचे शहरातले. सकाळी सुरू झालेली बैठक दुपार कलली तरी संपायची नाही, कारण आमचं कशावरच एकमत व्हायचं नाही.

आई त्या टोकाला असायची. बैठक चालू असेपर्यंत तिचा पदर डोक्यावरून खाली यायचा नाही. तिला पाठ टेकता यायची नाही, की आमच्या आधी घासभर खाता यायचं नाही. शेजारच्या बायका मागच्या दारानं यायच्या, एवढी पोरं पाहून चपला न काढता परतायच्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर, अगदी मोकळेपणानं घडत होतं आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला दिसायची ती चर्चा ऐकणारी, हळूहळू जागृत होणारी स्त्री.

आजऱ्याचा मित्र एकदा भारावून म्हणाला, "बघा, काकू पण आपल्यातच आहेत."

"हाय की," आई शेगडीकडं तोंड ठेवून म्हणाली. "उठून जायाला जागा कुटं हाय?"

आम्ही मनापासून हसलो.

थोड्या दिवसांनी तिनं मध्ये दोरी बांधून जुनं लुगडं सोडलं. मी ते काढून घडी करून ठेवलं आणि ही माघार आहे असं तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी लुगडं पुन्हा दोरीवर. मी पुन्हा काढलं. असं बरेच दिवस चाललं. वडील मध्ये पडत नव्हते. रोज संध्याकाळी कामावरून आले की आधी दोरीकडं बघायचे आणि आज कोण जिंकलं ते ओळखायचे.

उन्हाळ्यात आम्ही 'घर आणि स्त्रीचं स्वातंत्र्य' या विषयावर मोठी बैठक ठेवली. आईनं वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला तोच दिवस काढला. योगायोग असेल असं मी तेव्हा धरून चाललो. मिरचीच्या झोंबऱ्या धुराचा पहिला खाट उठला आणि पहिला वक्ता 'उत्पादनाची साधने' एवढंच म्हणून खोकत रस्त्यावर गेला. मागोमाग दुसरा. मी अध्यक्ष असल्यामुळे जागा सोडली नाही. नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसून राहिलो.

"काय रं, लागतंय व्हय?" आईनं विचारलं. "सगळ्यांच्याच डोळ्यांत जाऊ दे म्हनालतास न्हवं?"

खाट उतरल्यावर सगळे डोळे पुसत आत आले. आजऱ्याचा मित्र कळवळून म्हणाला, "काकू, आज तुम्हीच बोला."

"बोलतो की," आई म्हणाली आणि उलथनं हातात धरूनच बोलली. "माझं म्हायेर चंदगडाकडं. घर म्हंजे एक खोली. दारात हुबं ऱ्हायलं की चूल दिसायची. रानाचा मालक कामाला बोलवाय यायचा, त्यो पयला चुलीकडं बघायचा. मासळी शिजत आसली तर म्हनायचा, खाऊनपिऊन बरं हाय की तुमचं, मजुरी वाडवून कशाला मागतासा? आन् चूल गार दिसली तर म्हनायचा, मग अर्द्या मजुरीवर बी येशील न्हवं? म्हनून माझी आई नुसतं पानी उकळाय ठेवायची, वर झाकन घालून. आत काय हाय त्ये त्याला कळू न्हाय म्हनून. तवाच मी ठरवलंतं, आपलं घर झालं तर चूल दारातनं दिसाय न्हाय पायजे."

टाळ्या सुरू झाल्या. बिद्रीकडचा मित्र म्हणाला, "केवढा मोठा अनुभव!" एकानं तो पुढच्या पत्रकात घ्यायची सूचना मांडली, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं.

"टाळ्या नको," आई म्हणाली. "मिस्त्री बगा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही हळूहळू. मी ज्या भिंतीवर तुटून पडलो होतो ती मी वाचलेल्या पत्रकांतली होती. माजघरं असलेल्या घरांतली. तिथल्या बायकांना ती भिंत डांबून ठेवत असेलच. पण तसल्या घरात आमच्या घरातलं कुणी उंबऱ्याच्या आत कधी गेलेलं नव्हतं. आमच्या लोकांच्या वाट्याला मोकळेपणा पिढ्यान् पिढ्या आला होता. कुणीही यावं आणि चुलीत डोकावून जावं इतका. आणि तोच मी मिस्त्रीला पैसे देऊन पुन्हा बांधून घेतला होता.

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. भिंत ओट्याला खेटून घेता येत नव्हती म्हणून ती बरीच पुढं आली आणि खोलीची एकुलती एक खिडकी तिच्या पलीकडं गेली. आमच्या बैठकीला भर दुपारी दिवा लावायची वेळ आली. दार बसवताना मिस्त्रीनं विचारलं, "वैनी, कडी कुठनं?"

"आतनं," आई म्हणाली. "भाईरनं नको."

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मोकळेपणा आतल्या बाजूला घेतला बगा." या वेळी मी काही नोंद केली नाही.

शेजारच्या बायका मागच्या दारानं पुन्हा येऊ लागल्या. आम्ही गंभीर मुद्द्यावर असलो की आतून हसण्याचा लोट यायचा. त्या आपल्यालाच हसतात असा आम्हा सगळ्यांना संशय होता. पुढं आईनं तो खरा असल्याचं सांगितलं.

अशाच एका दुपारी आतून काहीच आवाज येईना. चहाची वेळ टळून गेली होती, मित्र माझ्याकडं बघत होते. मी दारावर टकटक केली. मग हाक मारली. मग दाराला कान लावला. आत आई घोरत होती, हलकं, एका लयीत. तिला दिवसा झोपलेली मी आजवर कधी पाहिली नव्हती. तेव्हाही पाहता आली नाही.

मी हळूच मागं फिरलो आणि मित्रांना बोटानं गप्प राहायची खूण केली. बाहेर रस्त्यावर आल्यावर आजऱ्याच्या मित्रानं विचारलं, "मग चहा?"

"कोपऱ्यावर गाडा आहे," मी म्हणालो. "आणि जरा हळू बोल."