बँडमास्तरची शिकवणी

चैत्र वद्य पंचमी, सन १९५२. महादेवाच्या जत्रेसाठी ठरवलेल्या बँडची रक्कम साठ रुपये कलदार. पैकी पंधरा विसार दिलेला, पंचेचाळीस देणे बाकी. हजर: जत्रेचे पाच पंच, बँडमास्तर आणि त्याचे वाजवणारे, देवगाव फाट्यावरचा हॉटेलवाला, वर्गणीची थैली सांभाळणारा मी, आणि अख्खा गाव. ‘कलदार’ हा शब्द मी चिठ्ठीत मुद्दाम घातला होता. तेव्हा आमच्याकडे सरकारी कलदार रुपयाबरोबर निजामाचा, कमी किमतीचा हाली रुपयाही चालत असे, आणि ठरवताना एक रुपया नि देताना दुसरा, ही कला आमच्या पंचांना अवगत होती.

बँड आणायचा हट्ट माझाच. फाट्यावरच्या हॉटेलात ग्रामोफोन होता आणि गाण्यांच्या तबकड्यांत या जालन्याकडच्या बँडची एक तबकडी होती. नुसती वाजवलेली धून, गाणारा कोणी नाही. मला तेच आवडे. गाण्यात शब्द आले की कोणीतरी आपल्याला काहीतरी सांगत असतो, आणि ते काम माझ्या घरात दिवसभर चाललेलेच असते. ती धून पुन्हा लावावी म्हणून मी नको असलेला दुसरा चहा घेत असे. मला ओळखणाऱ्यांना याचे महत्त्व कळेल.

तबकडीला मध्यावर एक चरा पडला होता. सुई तिथे आली की मागे उडायची आणि तोच तुकडा पुन्हा वाजायचा. तिसऱ्यांदा वाजला की हॉटेलवाला गल्ल्यावरून हात लांब करून पेटीला टिचकी मारायचा आणि धून पुढे जायची. पुढे पुढे गिऱ्हाइकेच त्या तुकड्याला टेबलावर थापा मारू लागली. मेंढरांमागे फिरणारी पोरे ती धून शीळ घालून वाजवीत, तीही तुकडा तीनदा घेऊन.

दिवस मावळायच्या सुमारास देवळापुढे बँड उभा राहिला. तांबडे कोट, सोनेरी पट्ट्या, खाली ज्याची त्याची विजार. मास्तर साठीचा, काटकुळा माणूस. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावले आणि माझीच धून निघाली. ढोल माझ्या छातीत वाजत होता. वाजवणारा मधे श्वास घेतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. पाच वर्षांत चहावर गेलेला माझा सगळा खर्च त्या घटकेला वसूल झाला.

मग ती जागा आली. साऱ्या गावाने थापेसाठी हात उचलले. बँडने तुकडा एकदाच वाजवला आणि तो सरळ पुढे निघून गेला. हात वरच राहिले.

पंचांचे प्रमुख आप्पा, आमचे किराणा दुकानदार, उठून उभे राहिले आणि त्यांनी बँड थांबवला. ते मला म्हणाले, “हे ते न्हाईत. तुमाला कुणीतरी दुसरेच लोक गळ्यात मारलेत. बाकीची दमडी द्यायची न्हाई.”

मी त्यांना चऱ्याचे समजावून सांगितले. सुई, खाच, मागे उडणे, सगळे. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले.

“मंग एवढी वर्सं सगळा गाव चुकीचं ऐकायलाय का?” त्यांनी विचारले.

वर्गणी देणाऱ्यांसमोर ‘होय’ म्हणणे परवडणारे नव्हते. इकडे मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच सांगू लागला की सकाळच्या मोटारीचे भाडेही या पंचेचाळिसातूनच निघायचे आहे. पोरांनी दुपारपासून काही खाल्लेलेही नव्हते. विसाराच्या चिठ्ठीवर सही माझी होती, शब्दही माझाच होता.

शेवटी पंचांनी जाणकार म्हणून हॉटेलवाल्याला पुढे बोलावले. त्याने डोळे मिटून मास्तरकडून तुकडा ऐकला आणि निवाडा दिला, “आवाज तोच हाय. पण कच्चं वाजवायलेत.”

मास्तर म्हणाला, “भाऊ, ही धून मी बांधली. मुंबईला जाऊन तबकडीत मीच भरली.”

“तुमी एकदा वाजवली असंल,” हॉटेलवाला म्हणाला. “मी रोज वाजवतो.”

गावाला हे पटले. मास्तरने माझ्या मांडीवरच्या थैलीकडे पाहिले, आपल्या पोरांकडे पाहिले आणि क्लॅरिनेट सदऱ्याच्या टोकाने पुसले. “कितीदा?” त्याने विचारले.

“तीनदा. मंग मी टिचकी मारतो, तवा पुढं जायचं. त्याआधी न्हाई.”

हॉटेलवाला ढोलाशेजारी उभा राहिला. बँड पुन्हा सुरुवातीपासून वाजू लागला. तुकडा आला, पुन्हा आला, तिसऱ्यांदा आला. साऱ्या गावाच्या थापा एकदम पडल्या, हॉटेलवाल्याने ढोलाला टिचकी मारली आणि धून पुढे गेली. म्हातारी माणसेसुद्धा माना हलवू लागली. आप्पा मला म्हणाले, “आता कसं? शिकवलं की येतं माणसाला.” ती धून त्यांनी त्या दिवशी चारदा वाजवून घेतली, चारही वेळा पक्की. सरळ धून पुन्हा वाजवा, असे म्हणायची सोय मला राहिली नव्हती.

हिशोबाला बसलो तेव्हा पंचांनी एकमताने ठरवले की हॉटेलवाल्याला शिकवणीचे पाच रुपये द्यावेत आणि शिकला मास्तर असल्यामुळे ते त्याच्या रकमेतून कापावेत. मी चिठ्ठी दाखवली. आप्पा म्हणाले, चिठ्ठीत शिकवणीचं कुठं लिवलंय? लिहिलेले नव्हते, हे खरे. तेव्हा ते पाच रुपये मी माझ्या खिशातून काढले आणि घरी मात्र बैलांच्या पेंडीला गेले म्हणून सांगितले.

बँडमास्तरला पंचेचाळीस रुपये, मोजून, त्याच्या हातात. हॉटेलवाल्याला पाच.