टेपबाईचे बाक

टेपबाईनं परदेशात दोन वर्षं नेमकं काय केलं, ते तिच्या आत्यानं सगळ्या नातेवाइकांना एका वाक्यात समजावलं होतं: "पोरगी बसायला शिकून आली." यात तसं चुकीचं काही नव्हतं. माणसाच्या शरीराला टेबल-खुर्च्या कशा बेतायच्या, यातच तिनं मास्टर्स केलं होतं. घरी पाहुणा आला की ही आधी त्याचे गुडघे बघायची, मग तोंड. मोजायची टेप कायम हाताशी, म्हणून टेपबाई.

परतल्यावर नोकरी धरायची सोडून तिनं शाळेचे बाक बनवायचा धंदा काढला. बाबा सुतार. त्यांनी जन्मभर नजरेनंच माप घेतलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही, निदान समोर येऊन कुणी तसं सांगितलं नाही. त्यांनी आपली शेड लेकीला वर्षभरासाठी दिली. वर्षात एक तरी ऑर्डर मिळाली तर शेड तिची. नाहीतर शेड काकाला गोडाऊनसाठी द्यायची आणि हिनं मुकाट्यानं नोकरी बघायची, असं ठरलं. काका दर आठवड्याला येऊन कुठली पोती कुठं रचायची ते ठरवून जायचा. मेल्याला लाज म्हणून नव्हती.

अकरा महिने नुसती पायपीट झाली. शाळाशाळांतून चहा मिळाला, बाक कुणी मागेना. बाराव्या महिन्यात एका शाळेच्या मुख्याध्यापिका तयार झाल्या. टेपबाईनं प्रत्येक वर्गातल्या आठ-आठ मुलांची मापं घेतली. मुलं कशी? केस चापूनचोपून बसवलेले, पाठ ताठ, विचारायच्या आत नाव सांगणारी. बाईंनी चहा दिला, हिनं तो प्यायला आणि खुशीत घरी आली. मोजायला माणसं कशी निवडावीत यावर परदेशात अख्खं एक सत्र शिकवलं होतं आणि त्यात ही वर्गात पहिली आली होती. आता बोला.

नमुन्याचे दहा बाक तिसरीच्या वर्गात लागले. दिसायला देखणे, त्यातून पॉलिश बाबांच्या हातचं. बाईंनी ऑर्डरचा कागद सोबतच आणला होता. वीस मुलं बाकांवर बसली आणि त्यातल्या चौदा जणांचे पाय हवेत लोंबायला लागले.

टेपबाई वाकून एकेक चेहरा बघत गेली. त्या चौदांपैकी एकही चेहरा तिनं आधी पाहिलेला नव्हता.

"बाई, मी मापं घेतली तेव्हा ही मुलं कुठं होती?"

"हॉलमध्ये पाढे म्हणत होती," बाई शांतपणे म्हणाल्या. "परदेशात शिकलेलं माणूस मोजायला येणार, त्याच्यापुढे कुणी कसलीही पोरं उभी करतं का? चांगली उंच, धडधाकट वेचून दिली होती तुम्हाला. शाळेची काही इज्जत असते."

"पण बसणार तर ही आहेत."

"मग वाढतील की. पोरंच ती." बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

झालं. एक सही, की शेड आपली. भिंतीपाशी उभे असलेले बाबा डोळ्यांनी खुणावत होते, गप बस. टेपबाईनं मान डोलावलीही. मग तिची नजर पुन्हा त्या पायांवर गेली. ही पोरं रोज पाच तास अशीच लोंबकळणार, आणि तेसुद्धा हिच्या बाकांवर. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

"सही नको, बाई. बाक चुकलेत. चूक माझी आहे, मी तेव्हाच विचारायला हवं होतं. सगळ्या मुलांची मापं घेते आणि नवे आणते."

बाईंना हे मुळीच रुचलं नाही. आपल्या मुलांना कुणीतरी बुटकं म्हटलं, एवढंच त्यांनी ऐकलं. "आणा, मग बघू," म्हणत त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि त्या निघून गेल्या.

वर्ष संपायला चार दिवस उरले होते. बापलेकींनी बाक टेम्पोत चढवले. आता नोकरीचे अर्ज कुठं कुठं टाकायचे, ते टेपबाई मोजत होती आणि रडू आवरत होती. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. काका होता. पोती सोमवारी आणू का, विचारत होता.

"नको आणूस," बाबा म्हणाले. "शेड रिकामी नाही. पोरगी काम करतेय तिथं."