भट्टीत गेलेला मोर

लालबागच्या त्या चाळीत शेवंतीच्या तोंडाला कोणी लागत नसे. पाणी सोडणाऱ्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना तिने एकदा तरी भर रस्त्यात झापलेलं. नवरा गेल्यावर मसाल्याच्या गिरणीत राबून तिने निलेशला वाढवलं, ते काय कोणाचं ऐकून घ्यायला?

अलीकडे मात्र तिचा सगळा राग एकाच गोष्टीवर होता. खालच्या बेकरीचं धुराडं. ते बरोबर तिच्या खिडकीशी येऊन संपायचं, आणि त्या खिडकीखाली आता नातीचा, मानसीचा पाळणा. धूर आला की पोर डोळे चोळून रडायची. खिडकी लावली की उकाड्याने रडायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भट्टीत जळतं काय?"

"लाकूड. अजून काय?"

"साधं की प्लायवूड? कुठलाच धूर चांगला नाही, पण प्लायवूडच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा विषारी वायू सुटतो. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर कॅन्सरचा धोका वाढतो."

"म्हणजे माझ्या नातीला..."

"होईलच असं नाही, आजी. आणि झालाच, तर कशामुळे झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही."

इथेच तर सगळ्यांचं फावतं! बोट ठेवता येत नाही, म्हणजे कोणाचाच गुन्हा नाही. पोरीने धूर खायचा आणि बाकीच्यांनी हात झटकायचे.

शेवंती तडक बेकरीत घुसली. "काय रे शेठ, काय जाळतोस? आमची मढी?"

हेमचंद्र शेठने ट्रे खाली ठेवला. "माझ्यावर कशाला ओरडता, मावशी? माल तुमच्याच मंडळाचा. विसर्जन झालं की कोंडीरामभाऊ देखाव्याच्या प्लायवूडच्या फळ्या हातगाडीने पाठवतात. बदल्यात मी मंडळाच्या पोरांना मस्कापाव देतो. विचारा जावा."

मागे ढीग होता. ढिगात सोनेरी पिसाऱ्याचा मोर, अर्धा तोडलेला. त्याचा डोळा तिरका होता. गेल्या गणपतीत तो डोळा शेवंतीनेच रंगवला होता, आणि सून अक्षदा पोट धरधरून हसली होती.

शेवंती शिवी न देताच मागे फिरली. शेठच घाबरला.

यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव सुटला, फळ्या गल्लीत रचल्या गेल्या, हातगाडी आली. शेवंती मानसीला घेऊन त्या फळ्यांवर जाऊन बसली.

मंडळाचा कार्यकर्ता म्हणून निलेशच गाडी भरायला आला होता. "आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. काल मिरवणुकीतला बेंजो फुकट बघितला ना? आज हे बघा."

मंडळाचे अध्यक्ष कोंडीरामभाऊ पुढे झाले. "वहिनी, बाप्पाच्या मागची वस्तू कचऱ्यात टाकायची काय? म्हणून अग्नीला देतो आपण. पाप नको लागायला."

"आणि माझ्या नातीच्या नाकात घालता, त्याचं पुण्य लागतं काय हो?"

"आपण नाय वाढलो धुरात?"

"वाढलो ना! आणि खोकत खोकत गेले ते? त्यांच्या फोटोला हार घालायला तुम्हीच पुढे असता, भाऊ."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. कोंडीरामभाऊ तापले. "मग ठेवायचं कुठे हे सगळं? तुमच्या खोलीत?"

प्रश्न खरा होता. पाळण्यामुळे खोलीचं दार अर्धंच उघडायचं. पण शेवंती म्हणाली, "ठेवा! पुढच्या वर्षी याच फळ्या परत रंगवू. बाप्पाला काय दरवर्षी नवीन मोर लागतो? तुम्हाला लागतो, मिरवायला."

निलेशने एकदा अध्यक्षांकडे बघितलं, एकदा आईच्या मांडीवरच्या लेकीकडे. मग वाकून एक फळी उचलली, खांद्यावर टाकली आणि जिना चढायला लागला.

हातगाडी रिकामी गेली.

आता चाळीच्या गॅलरीत भिंतीला फळ्या टेकवून ठेवल्यात. लोक अंग चोरून चालतात, शेवंतीला शिव्या घालतात, तीही उधार ठेवत नाही. धुराडं अजून तिथेच आहे, साध्या लाकडाचा का होईना, धूर येतोच. म्हणून रोज सकाळी चहाआधी ती बेकरीच्या मागे जाऊन ढिगात कुठे प्लायवूड नाही ना ते चाचपते आणि शेठला विचारते, "धुराडं वर कधी नेतोस रे, मेल्या?"