दारातली फांदी

निरोप घेऊन आला तो भोरच्या एसटीचा कंडक्टर. गाडी पुण्याच्या स्टँडवर लावून, तिकिटांची पेटी तशीच खांद्याला अडकवून तो आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “नाना, दिगूमास्तर गेलं काल.” अशा वेळी माणूस काय झालं असं विचारतो. मी विचारलं, “कुठं?” त्याला माझा प्रश्न बरोबर कळला. भोरमधल्या कुणालाही कळला असता. “घाटात न्हाई,” तो म्हणाला. “घरात. दुपारचं जेवून पडलं हुतं, उठलंच न्हाईत.” आणि माझ्या तोंडून ‘बरं झालं’ असे शब्द निघून गेले. सून स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघतच राहिली. सासऱ्यांचा जिवलग मित्र गेला आणि सासरे बरं झालं म्हणतात... तिला सगळं सांगायला मला त्या दिवशी जमलं नाही. आज महिना होऊन गेला, आता सांगता येईल असं वाटतं.

दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, भोरच्या पेठेत शिवणकाम करायचा. मी कोर्टात कारकून. संस्थान विलीन झालं त्या वर्षी दरबारचा एक अधिकारी घरचं सामानसुमान विकून आपल्या गावी निघून गेला. त्या सामानात एक उंच, काळी सायकल होती. ती दिगूने घेतली आणि त्याचं डोकं फिरलं ते कायमचं. आठवड्याची सुट्टी आली की स्वारी बाहेर. माझी घरची मंडळी मुलाच्या शाळेसाठी पुण्यात आणि मी भोरला एकटा, तेव्हा मला नाही म्हणायला सबबही नव्हती. मीही एक जुनी सायकल मिळवली. मला त्या वयात चढ आवडत नव्हते आणि नंतरही कधी आवडले नाहीत, हे इथे नमूद करून ठेवतो.

पण काय रस्ते दाखवले त्याने. नसरापूरवरून मार्गासनी, तिथून पुढे वेल्हे, डोक्यावर तोरणा. कधी गुंजवण्याला जाऊन कुणाच्या तरी गोठ्यात सायकली टेकवायच्या आणि राजगडाकडे बघत भाकरी खायची. फक्त बघत. गड चढायची त्याला फारशी हौस नव्हती. “वर गेलं की गड दिसतोय कुठं?” असं तो म्हणायचा. “गिऱ्हाइकाचं माप घेताना मी त्याच्याभोवती फिरतो, त्याच्या डोक्यावर चढतो व्हय?” त्यामुळे एकाच राजगडाला आम्ही चहूबाजूंनी रस्त्यारस्त्याने वेढा घातला. रानातून रस्ता वळला आणि झाडांच्या वर अचानक माची दिसली की तो पायडल थांबवायचा, डोळे बारीक करायचा आणि ‘हं’ एवढंच म्हणायचा. तेवढ्या ‘हं’साठी मी कितीतरी मैल दमलो आहे.

सगळ्यात लाडका रस्ता मात्र हिर्डोशीवरून वरंध घाटाच्या माथ्यावर जाणारा. दाट रान, मधूनच मोर, आणि माथ्यावर कावळ्या किल्ला. चढताना सायकली हातात धरून चालायचं, म्हणजे त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. भीती उतरताना. त्या सायकलींचे ब्रेक उतारावर तापून निकामी व्हायचे, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. तिकडच्या सायकलवाल्यांनी त्यावर तोड काढली होती. माथ्यावर एखादी चांगली पानाडहाळ्यांची पडलेली फांदी शोधायची, कॅरिअरला दोरीने बांधायची आणि ती मागे फरफटत हळूहळू उतरायचं. खाली पहिल्या घराजवळ उंबराखाली ती सोडून द्यायची. ते घर भागाबाईचं. शेरडं राखणारी, तोंडाने फटकळ, पण आल्यागेल्याला चहा पाजणारी बाई. त्या फांद्या तिच्या चुलीत जायच्या. उंबराखाली फांदी पडली म्हणजे माणूस घाट उतरला, असा तिचा सरळ हिशेब होता.

एका हिवाळ्यात आम्ही असेच गेलो होतो. माझे पाय भरून आले म्हणून मी आधी उतरलो. दिगूला उतरत्या उन्हात कावळ्या बघायचा होता. मी भागाबाईकडे आलो, सायकल शेरडांच्या खोपटात सावलीला लावली, चहा घेतला आणि घोंगडीवर जरा आडवा झालो तो झोपच लागली. जाग आली तेव्हा दिवस मावळत होता आणि भागाबाई शेरडं घेऊन परतत होती. मी विचारलं, “दिगू आला का?” ती उंबराखाली बघून आली आणि म्हणाली, “तुमची तेवढी हाय. शिंपीदादाची फांदी न्हाई पडली. म्हंजी ते वरच हायती अजून.”

तिचा नवरा आणि वस्तीवरचे दोघे टेंभे पेटवून माझ्याबरोबर निघाले. वळणावळणावर थांबून हाका मारल्या. दरीच्या कडेला उभं राहून हाक मारायची आणि मग गप्प राहून ऐकायचं... ते ऐकणं मला अजून आठवतं. माथ्यापर्यंत कुणी नव्हतं. उजाडल्यावर दरीत उतरून बघू असं ते म्हणाले, आणि भागाबाई मला म्हणाली, “तुमी भोरला जावा. त्या बाईला कुणीतरी सांगाया पायजे. दुसऱ्याच्या तोंडून कळाया नगं.”

तांबडं फुटता फुटता मी निघालो. वाटभर वहिनींना, म्हणजे दिगूच्या बायकोला, काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि मोडत होतो. या बाईने पहिल्या दिवसापासून त्या सायकलीचा धसका घेतला होता. सुट्टीच्या दिवशी तो परत येईपर्यंत ती दुसरं काही करत नसे, नुसती दार आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये हेलपाटे घालत असे. माझ्यावर तिची भिस्त होती. “भाऊजी आहेत बरोबर,” असं ती शेजारणींना सांगायची. आणि आता भाऊजी एकटेच निघाले होते.

त्यांच्या गल्लीत वळलो आणि पहिली दिसली ती फांदी. दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली, जांभळाची, बुडाला अजून दोरी. मला क्षणभर काही उमगलंच नाही. मग उमगलं. मी त्यांच्या पायरीवर मटकन बसलो. वहिनी बाहेर आल्या, “भाऊजी, एवढ्या सकाळी?” आणि त्यांच्या मागून तोंडात दात घासायची काडी धरून दिगू. मी त्याला काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

झालं होतं ते असं. खोपटात लावलेली माझी सायकल त्याला दिसली नाही. मी पुढे गेलो असं समजून मला गाठायच्या घाईत त्याने जोर लावला, आणि फांदी सोडायचंच विसरला. घाट संपला, सपाटी आली, तरी हा गडी फांदी ओढतोच आहे. “आज सायकल लई जड चाललीय असं वाटत हुतं,” तो म्हणाला. दोन गावं ओलांडल्यावर बांधावरच्या एका म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, की मास्तर, रस्ता झाडायचं काम घेतलंय का. मग त्याने ती कॅरिअरवर लादली आणि घरी आणली. माझ्या दाराला कुलूप बघून मी खानावळीत गेलो असेन असं त्याने धरलं. भागाबाईकडे निरोप पोहोचेपर्यंत तिचा नवरा दरीत निम्म्यावर उतरला होता. पुढे वर्षभर तिने दिगूला दुधाचा चहा दिला नाही.

आम्ही हसत होतो, पण वहिनी हसल्या नाहीत. मी कशासाठी आलो होतो ते माझ्या तोंडावरून त्यांनी वाचलं होतं. त्या दिगूला म्हणाल्या, “उंबराखाली टाकलेली फांदी भागाबाईला दिसती. मला दिसत न्हाई. इथून पुढं ती माझ्या दारात आणायची.”

आणि त्याने ती आणली, दर वेळी. फांदीचा अर्धा भाग भागाबाईला, अर्धा कॅरिअरवर. पेठेतले लोक चेष्टा करायचे, मास्तर शिवणकाम सोडून मोळ्या विकतात म्हणून. त्याने कधी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ती फांदी वहिनींच्या बंबात जायची आणि त्याच पाण्याने तो आंघोळ करायचा.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला छातीसाठी चढ बंद सांगितले. तो घरात नुसता बसून राहिला, मशीनवरही बसेना. तेव्हा तोड वहिनींनीच काढली. “चढू नका म्हणालेत, उतरू नका असं न्हाई म्हणालेत.” मग सायकल एसटीच्या टपावर टाकून तो माथ्यावर जाऊ लागला आणि फांदी बांधून आरामात उतरू लागला. खालून पुन्हा एसटी. टपावर सायकल, सायकलीवर फांदी. मला निरोप द्यायला आलेला तो कंडक्टर त्या फांदीचं वेगळं तिकीट मागून त्याला छळायचा.

तेराव्याला मी भोरला गेलो. वहिनी शांत होत्या. त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, इतकी वर्षं मी याच निरोपाला भीत हुते. आला तवा हे माझ्याशेजारी झोपलेले. मला रडू आलं, पण भ्या न्हाई वाटलं.” मलाही तेच म्हणायचं होतं, ते त्यांनीच म्हटल्यामुळे मी मोकळा झालो. पानं वाढायची होती, आत पाण्याचं आधण ठेवलेलं, आणि सरपण कमी पडलं म्हणून कुणीतरी दारातली फांदी उचलायला गेलं. शेवटच्या खेपेची होती ती, बंबात जायची राहिलेली, पानं केव्हाच गळून गेलेली. वहिनींनी आतूनच सांगितलं, “ती राहू द्या.”

निघताना मी त्यांना विचारलं, आता ही कशाला ठेवलीत? त्या जरा ओशाळल्या.

“दुपारी डोळा लागतो,” त्या म्हणाल्या. “उठल्यावर एकदम ध्येनात येत न्हाई. वाटतं, ऊन कललं, अजून कसे आले न्हाईत... मग दारात येऊन बघते. फांदी असती.”