आखाड्याचे छप्पर

नांदेडहून लातूरची गाडी धरली तेव्हाच मी दमलेलो होतो. एका शब्दकोशासाठी शेतातल्या निवाऱ्यांची नावे गोळा करायची होती. आठ दिवसांत वही भरली, पाठ मात्र कामातून गेली. आमच्या साताऱ्याकडे आखाडा म्हटले की तांबडी माती आणि पैलवान. इकडे शेतात गुरे बांधायच्या खोपीला आखाडा म्हणतात. मूळ दोहोंचे एकच असावे, राखलेले आवार. तेवढ्या भरवशावर मी कार्डावर लिहूनही टाकले: 'आखाडा: शेतातले छप्पर.'

लोह्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. दुष्काळाचे दुसरे वर्ष, झाडाला पान नाही. सावली शोधत मी रस्त्याकडेच्या एका आखाड्यावर गेलो. साठीची एक बाई शिडीवर चढून छपराला हात घालत होती. खाली गाभण गाय, नुसता सापळा.

"शाकारणी काढली का मावशी?" मी विचारले.

"शाकारून न्हाई राहिले, भाऊ. काढून राहिले."

छपरातली कडब्याची पेंढी ओढून ती उतरली, मिठाचे पाणी शिंपडले आणि गायीपुढे सारली. काळा पडलेला जुना कडबा गाय मुकाट्याने खाऊ लागली. मी वही मिटली.

बाईचे नाव गयाबाई. चाऱ्याची गाडी चार दिवसांत येणार, असे गावात सांगितले होते. तोवर गाय तगली तर वासरू हाती लागणार होते.

"छप्पर चार दिस पुरलं पायजे," ती म्हणाली.

तिने मला अर्धी भाकरी, ठेचा आणि तांब्याभर पाणी दिले. मी तांब्या रिकामा केला आणि मग माझे लक्ष घागरीकडे गेले. तळाशी ओंजळभरही नव्हते. मला लाज वाटली.

जायच्या वेळी मी विचारलेच, "आखाडा म्हणजे नेमकं काय, मावशी?"

"त्यात काय सांगायचं? जनावर हाय तिथं आखाडा."

"आणि जनावर नसलं तर?"

ती गायीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मंग रान."

लातुरात नव्या जिल्ह्याच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि नळ कोरडे. एका किराणा दुकानदाराने चहा पाजून सांगितले, "आमच्याकडं आखाड्याला कोठा म्हणत्यात." मी लिहून घेतले, पण डोक्यात पेंढ्यांचा हिशेब चालला होता.

पाचव्या दिवशी परत फिरलो. लोहा मागे पडले तसा खिडकीशी सरकलो. छप्पर नव्हते. नुसत्या मेढी उभ्या होत्या, त्यांवर जुने लुगडे ताणलेले. त्याच्या सावलीत गाय आणि बाहेर उन्हात गयाबाई. एक उतारू उतरत होता तेवढ्यात मी ओरडून विचारले, "मावशी, चारा आला का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पर आखाडा हाय अजून."

घरी येऊन कार्ड काढले. 'छप्पर' खोडले आणि 'जनावर बांधलेली जागा' असे लिहिले. त्याला महिना झाला. कार्ड अजून टेबलावरच आहे. तिथे आता आखाडा आहे की रान, हे कळल्याशिवाय ते पाठवायला माझा हात उचलत नाही.