उपाशीपोटी घेतलेली गोळी

भांडुपच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. रिपोर्ट छान यावा म्हणून मी घरून मधुमेहाची गोळी घेऊनच निघाले. ही गोळी स्वादुपिंडाच्या पेशींमधली पोटॅशियमची दारं बंद करते आणि इन्सुलिन बाहेर काढते, पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा मी हुशार बाईसारखी मान डोलावली होती.

नंबरची वाट बघताना मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. शेजारी एक मालवणी आजी रक्त देऊन, कोपराच्या खळीतला कापूस दाबत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि खडीसाखर माझ्या हातावर ठेवली.

"आजी, माझं रक्त द्यायचंय अजून. रिपोर्ट बिघडेल ना."

"तुका रिपोर्ट बरो होयो, की चालत घराक जावक होया?"

मी खडा तोंडात टाकला. एवढं होऊनही माझी नजर काउंटरवरच होती, कोणी पाहिलं तर? आजींनी ते ओळखलं. त्यांनी आपली खुर्ची माझ्यापुढे ओढली, पदर पसरला, आणि मी पन्नाशीची बाई त्याआड चोरून साखर चघळत राहिले.