सूत धरून निवडलेला दिवा

आमच्या हिच्या मामांइतका उजेडाचा संशय घेणारा माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात झाला नाही. करमाळ्याकडे एखादा असल्यास मला ठाऊक नाही. मामा चादरीच्या कारखान्यात रंगखात्याचे मास्तर. सुताला चढलेला रंग बरोबर की चूक हे सकाळच्या उजेडात, दारात उभं राहून ठरवायचं, हा त्या खात्याचा रिवाज. मामांनी तो घरी आणला. वांगी घेतली तर दुकानाच्या सावलीतून रस्त्यावर नेऊन बघत. चटणीची पुडी तळहातावर ओतून उन्हात धरत आणि वाऱ्यानं ती शेजारच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत गेली की, "रंग खरा हाय, झोंबतोय बघा," म्हणून तिथल्या तिथं पसंत करत. एकुलत्या लेकीला मालवणचं स्थळ आलं तेव्हा बैठकीतल्या मुलाला मामांनी पोह्यांच्या बशीसकट अंगणात नेऊन उभं केलं. "खोलीत समदेच गोरे दिसत्यात," ते मला म्हणाले. मुलगा उन्हात काळा दिसला, पण एकसारखा काळा दिसला, कुठं डाग नाही, म्हणून लग्न ठरलं.

हे जावईबापू मालवणला मत्स्यखात्यात कारकून होते. पहिल्या माहेरपणाला लेक आली ती त्यांच्यासह एक काचेची पेटी, समुद्राच्या पाण्याचे कॅन आणि एक दगड घेऊन. दगड म्हणजे जिवंत पोवळं. त्याच्यावर मुगाएवढी तोंडं होती आणि उजेड मिळाला की ती हिरव्या फुलांसारखी उघडत. "मामा, ह्याच्या अंगात बारीक शेवाळ असतं. ते उजेडावर जगतं आणि त्याच्यावर हा जगतो," जावयांनी सासऱ्यांना समजावलं. पेटीवर लावायला त्यांनी मुंबईहून एक निळसर परदेशी ट्यूब मिळवली होती. जाताना लेक सहज बोलून गेली, "आप्पा, माझी आठवण आली की ह्याला बघत जावा. हा उघडलेला असला की मी बरी आहे म्हणून समजायचं."

सहज बोललेलं सहज घ्यायची मामांना सवय नव्हती. त्या दिवसापासून लेकीची तब्येत ते दगडावर बघू लागले. एकदा ढगाळ हवेत तोंडं जरा मिटलेली दिसली, तर मामा मालवणला निघण्यासाठी पिशवी भरून बसले. मामींनी पिशवी लपवली म्हणून राहिले. समुद्राचं ताजं पाणी एसटीनं येई. एका कंडक्टरला कॅनमध्ये दारू असल्याचा संशय आला. मामांनी त्याला बुचात ओतून पाजलं. तो पुढं मोहोळपर्यंत थुंकत गेला असं म्हणतात, पण पुन्हा कधी त्यानं कॅन अडवला नाही.

आणि गणपती उठल्यावर ती परदेशी ट्यूब गेली. तसली दुसरी आणायची तर मामींच्या पाटल्यांकडे बघावं लागलं असतं, आणि मामी हात पदराखाली घेऊनच वावरू लागल्या. तिकडं लेक दिवाळीनंतर पहिल्या बाळंतपणाला येणार होती. ती येईल तेव्हा दगड मिटलेला, मेलेला दिसला तर? "मी तिला काय तोंड दावू?" मामा मला म्हणाले. "पाव्हणं, सोलापुरात दिवं काय कमी हायत? चला, निवडू."

गच्चीवर पेटी ठेवा, असं मी सुचवलं. "आपल्या उन्हात?" मामा म्हणाले. "दुपारपत्तोर कालवण हुईल त्याचं."

मग आम्ही दिवे बघत हिंडलो. इतर लोक दिवा घेताना दिव्याकडे बघतात. मामा सुताच्या लडी घेऊन जात. मोरपंखी, डाळिंबी आणि हळदी. प्रत्येक दिव्याखाली लडी धरायच्या आणि सकाळच्या उजेडात दिसतात तशाच दिसल्या तर दिवा खरा. पिवळ्या बल्बखाली मोरपंखी शेवाळी दिसला, बल्ब बाद. साध्या ट्यूबखाली डाळिंबी आजारी दिसला, ट्यूब बाद. वरातीची गॅसबत्ती भर दुपारी पेटवायला लावली, ती सुरसुरली आणि हळदी लडीला भोक पाडून बाद झाली. विजेच्या सामानाचा एक दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "क्या मामू, दिवा लेने आये की चादर बेचने?"

"तुमच्या दिव्याची परीक्षा हाय," मामा म्हणाले. "आन् नापास हाय की."

खरा दिवा सापडला तो फोटो स्टुडिओत. निळ्या काचेचा भोपळ्याएवढा बल्ब. त्याच्याखाली तिन्ही रंग असे हुबेहूब दिसले की मामांनी त्या बल्बला हात जोडले. स्टुडिओवाल्यानं एक वापरलेला स्वस्तात दिला. पेटीवर लावला आणि दगड नवरीसारखा उजळला. गल्ली बघायला लोटली. दुसऱ्या दिवशी सगळी तोंडं मिटली. तिसऱ्या दिवशी एक कडा पांढरी पडली. मामा पेटीसमोरून हलेनात, जेवेनात. मी पाण्यात बोट घातलं आणि झटक्यानं काढलं.

"मामा, पाणी तापलंय."

"कुटं तापलंय? कोमट तर हाय."

रंगखात्यात जन्म काढलेल्या माणसाचं हे उत्तर होतं. तिथं पाणी कोमट झालं म्हणजे कुठं काम सुरू होतं. बल्बचा रंग त्यांनी हजार वेळा तपासला होता, पण त्याच्या उष्णतेकडे बघायचं असतं हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मामींनी माठाच्या ओल्या फडक्यानं पेटी गुंडाळली आणि बल्ब काढून फडताळात ठेवला.

शेवटी बंद पडलेल्या एका मागाच्या शेडमधून जुन्या, साध्या, नापास झालेल्या ट्यूब आल्या. अंगाला थंड. एक पुरेना म्हणून जोडीनं लावल्या, पाण्याला टेकतील इतक्या खाली, आणि वर तेलाचा डबा फाडून आतून पांढरा रंगवून टोपी केली, म्हणजे उजेड छताला न जाता खाली पडावा. मामांना तो उजेड शेवटपर्यंत पटला नाही. "मोरपंखी ह्यात मेल्यावानी दिसतो," ते म्हणत. "पर जेवणार त्यो हाय, मी न्हाय." हळूहळू तोंडं उघडली. पांढरी कडा तेवढी पांढरीच राहिली. लेक आली, जड अंगानं पेटीपाशी वाकली आणि म्हणाली, "आप्पा, हा तर बाळसं धरून आहे." मामा मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

नात झाली. होळी जवळ आली, ऊन तापायला लागलं. येत्या वैशाखात ओल्या फडक्यांनी भागणार नाही, हे मामांना कळत होतं. जावईबापू न्यायला आले तेव्हा परत समुद्रात सोडायला म्हणून मामांनी स्वतःच दगड कॅनमध्ये ठेवला.

स्टँडवर लेकीच्या मांडीवर बाळ, म्हणून कॅन जावयांच्या मांडीवर. मामा बाहेरून सूचना देत होते. झाकण सैल ठेवा. हिसका बसू देऊ नका. खडकाच्या आडोशाला सोडा, एकदम उघड्यावर नको. सगळ्या दगडाविषयी. लेकीला ते एक शब्द बोलले नाहीत, तिनंही नुसता हात हलवला. गाडी सुटली. धुरळा बसला तरी मामा उभेच.

"चला मामा," मी म्हणालो.

"तिची खिडकी उन्हाच्या बाजूची हाय," मामा म्हणाले. "मंगळवेढं सोडलं की पार मिरजेपत्तोर तोंडावर येतंय. सांगायचं ऱ्हायलं."